रडतं मूल, चुकतं माप

खोकला-तापाचं मूल ओपीडीत आलं की न्यूमोनियाची पहिली तपासणी फुकटात होते. अंगातला शर्ट वर करायचा, घड्याळ समोर धरायचं आणि पूर्ण एक मिनिट पोटाची वर-खाली होणारी हालचाल मोजायची. दोन महिन्यांहून लहान बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त भरले, दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त, तर श्वास जलद आहे असं धरायचं. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जातोय का, तेही त्याच वेळी बघायचं. जिथे एक्स-रे नाही, प्रयोगशाळा नाही, तिथल्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने ही पद्धत बसवली आणि आपल्याकडे ती उपकेंद्रातल्या नर्सबाईंपासून आशाताईंपर्यंत पोचली. तिला अट एकच आहे. मूल शांत हवं.

आता ओपीडीतलं मूल बघा. वजनकाट्यावर ते एकदा रडून झालेलं असतं. मग कुणीतरी काखेत थर्मामीटर खुपसून हात दाबून धरलेला असतो. डॉक्टरांसमोर येईपर्यंत सूर टिपेला गेलेला असतो, आणि तेवढ्यात गार स्टेथोस्कोप छातीला लागतो. रडणाऱ्या मुलाचे श्वास मोजता येत नाहीत, आणि हुंदके देणाऱ्या प्रत्येक मुलाची छाती थोडीफार आत जातेच. मग दोन तऱ्हांनी चूक होते. साध्या सर्दीच्या मुलाला अँटिबायोटिक सुरू होतं, किंवा खरोखरच दम लागलेल्या मुलाकडे बघून ‘रडतोय म्हणून तसं वाटतंय’ असं म्हटलं जातं आणि त्याला घरी पाठवलं जातं. पहिली चूक रोज होत असेल. दुसरी क्वचित होते, पण ती जिवावर बेतते.

रुग्णांच्या सुरक्षिततेचा विषय निघाला की मुदत संपलेलं सलाइन, चुकीच्या गटाचं रक्त, पोटात राहिलेला बोळा असल्या गोष्टी डोळ्यांपुढे येतात. मुलाचं घाबरणं त्या यादीत कुणी धरत नाही. ते लाडाच्या, शिस्तीच्या खात्यात जातं. माझ्या मते ते सुरक्षिततेच्याच खात्यात मांडायला हवं, आणि बरंच वर. कारण बालरोग ओपीडीतलं जवळजवळ प्रत्येक माप मुलाच्या सहकार्यावर उभं असतं: श्वास, रक्तदाब, हृदयाचा आवाज, कानाचा पडदा, बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरचा आकडा, आणि सगळ्यांत साधं म्हणजे वजन.

काही आजारांत तर रडणं माप बिघडवून थांबत नाही. घोगरा, भुंकल्यासारखा खोकला आणि श्वास आत घेताना घर्रर्र आवाज, असा क्रूप नावाचा आजार लहान मुलांना होतो. लहानग्याच्या स्वरयंत्राखाली श्वासाची वाट जेमतेम ४ मिलिमीटर रुंद असते. चहूबाजूंनी एकच मिलिमीटर सूज आली तर २ मिलिमीटर उरते आणि हवेला होणारा अडथळा १६ पट वाढतो. हे शांत श्वासाचं गणित झालं. रडू लागलं की हवा भोवऱ्यासारखी घुसळते आणि अडथळा आणखी वाढतो. म्हणून पाठ्यपुस्तकंच सांगतात की अशा मुलाला आईच्या मांडीवरून हलवू नका, घशात चपटी पट्टी घालू नका, रक्त काढायची घाई करू नका. ऑक्सिजनची नळीसुद्धा आईनेच तोंडाजवळ धरावी. इथे मुलाला न रडवणं हाच उपचार असतो.

आईला आत घेण्यासाठी पश्चिमेत मोठा झगडा झाला. १९५२ साली लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमधल्या जेम्स रॉबर्टसन यांनी दोन वर्षांच्या एका मुलीवर माहितीपट केला. हर्नियाच्या साध्या शस्त्रक्रियेसाठी ती आठ दिवस रुग्णालयात होती, आणि त्या काळच्या नियमाप्रमाणे आईबाप सोबत नव्हते. पडद्यावर ती हळूहळू मिटत जाते. डॉक्टरमंडळी चिडली, पण १९५९ च्या प्लॅट अहवालाने ब्रिटनमध्ये पालकांना रुग्णालयाची दारं उघडण्याची शिफारस केली. त्याच काळात अमेरिकेत क्लीव्हलंडला एमा प्लँक यांनी मुलांना खेळातून उपचारांसाठी तयार करण्याचं काम उभं केलं. तिकडे ते आज स्वतंत्र पेशा म्हणून रुळलं आहे.

आपल्याकडे आईला कुणी बाहेर ठेवलंच नाही. ती आहे, आजी आहे, कधी मामाही आहे. तरी आपण त्यांचं काय केलं? दोर म्हणून वापरलं. ‘पाय घट्ट धरा. तुम्ही डोकं धरा. आई, तुम्ही हात.’ ज्या हातांनी मुलाला धीर द्यायचा, तेच हात त्याला जखडतात, आणि मुलाच्या लक्षात राहतं ते हेच. त्यात घरून तयारी उलटीच करून आणलेली. जेवत नाही म्हणून, झोपत नाही म्हणून ‘डॉक्टर सुई टोचतील हं’ हा बागुलबुवा वर्षभर उभा केलेला असतो. तो शेवटी पांढऱ्या कोटात समोर येतो तेव्हा मूल किंचाळलं तर त्यात त्याचं काय चुकलं?

वजनाकडे येऊ, कारण मुलांचं प्रत्येक औषध वजनावर ठरतं. काट्यावर उभं न राहणाऱ्या मुलाचं वजन आईला घेऊन करतात आणि मग आईचं वजा करतात. काटा अर्ध्या-अर्ध्या किलोने पुढे सरकणारा असेल तर दोन मापांत मिळून अर्ध्या किलोपर्यंत फरक पडू शकतो. आठ किलोच्या बाळात हा फरक सहा टक्क्यांचा झाला. कधी तेही होत नाही. केसपेपरवर मागच्या वेळचा आकडा उतरवला जातो किंवा बघूनच अंदाज बांधला जातो. तातडीच्या वेळी उंचीवरून वजन सांगणारी ब्रोसलो टेप परदेशात सर्रास वापरतात. मुंबईतल्या मुलांवर तिची परीक्षा घेऊन २००८ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा दहा किलोंवरच्या मुलांचं वजन ती दहा टक्क्यांहून अधिक फुगवून सांगते असं दिसलं. म्हणजे आपल्या सडपातळ मुलांना काट्याला पर्याय नाही, आणि काट्याला शांत मुलाशिवाय पर्याय नाही.

यापुढचा घोटाळा घरी होतो. पॅरासिटामॉलचे थेंब साधारण एका मिलिलिटरला १०० मिलिग्रॅमचे असतात. पातळ औषध ५ मिलिलिटरला १२० किंवा १२५ मिलिग्रॅमचं मिळतं, आणि २५० चंही मिळतं. दहा किलोच्या मुलाला १५० मिलिग्रॅम द्यायचे असतील तर थेंबांचे दीड मिलिलिटर, १२५ च्या बाटलीतले ६, आणि २५० च्या बाटलीतले ३ मिलिलिटर होतात. बाटली बदलली आणि माप तेच ठेवलं तर डोस दुप्पट, चौपट होऊ शकतो. अमेरिकेत २,११० पालकांकडून प्रयोगासाठी डोस मोजून घेतले, तर ८४ टक्क्यांहून अधिक पालकांची निदान एकदा तरी चूक झाली. टोपणवजा कपापेक्षा सुई नसलेल्या सिरिंजने चुका पुष्कळ कमी झाल्या. हा अभ्यास २०१६ चा आहे. त्यात प्रत्यक्ष मूल नव्हतं, हे लक्षात घ्या. आपल्या घरात ते असतं, आणि ते तोंड मिटून बसतं. अर्धं औषध उडतं, अर्धं फ्रॉकवर सांडतं. किती गेलं कुणास ठाऊक म्हणून पुन्हा अर्धा चमचा दिला जातो. आजी नाक दाबायचा उपाय सुचवते, किंवा बोंडल्याने पाजायचा. रडणाऱ्या, आडव्या धरलेल्या मुलाच्या तोंडात पातळ काहीही ओतलं तर ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. मुलाला मांडीवर बसतं धरून सिरिंजचं टोक गालाच्या आतल्या बाजूला ठेवायचं आणि थोडं थोडं सोडायचं, हे दाखवायला दवाखान्यात एक मिनिट लागतं. ते एक मिनिट बहुधा कुणाच्याच वाट्याचं नसतं.

सगळ्यांत अवघड जागा झोपेच्या औषधाची आहे, म्हणून तिथे जरा थांबतो.

मुलाला गप्प करण्यासाठी औषध वापरण्याची रीत जुनी आहे. मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या बाया पाळीला जाताना तान्ह्यांना बाळागोळी देत. तिच्यात अफू असे. मूल दिवसभर निजून राही, काही मुलं उठतच नसत. १९२० च्या दशकात कामगार स्त्रियांच्या सरकारी पाहणीतही ही गोष्ट नोंदली गेली. त्या बायांना दोष देणं सोपं होतं आणि तो दिलाही गेला. पाळणाघर नव्हतं, पाळी चुकली तर पगार नव्हता. औषधाने गप्प केलेल्या मुलामागे बहुतेक वेळा वेळ नसलेला एखादा मोठा माणूस असतो. हे तेव्हाही खरं होतं, आजही आहे.

आज ईईजी, हृदयाची इको किंवा कानाची बेरा तपासणी असली की मुलाला ट्रायक्लोफॉसचं गोडसर पातळ औषध देतात. शरीरात त्याचा तोच पदार्थ तयार होतो जो जुन्या क्लोरल हायड्रेटचा होतो. औषध वाईट नाही. धोका त्याच्या भोवतालच्या व्यवस्थेत आहे. तपासणी अकराची, म्हणून मूल सकाळपासून उपाशी. नंबर लागायला एक वाजतो. भुकेलं मूल रडतं. डोस देतात, अर्धा ओकतं. झोपत नाही म्हणून पुन्हा डोस. मग दोन्ही एकदम चढतात. तपासणी होते, मूल किलकिले डोळे उघडतं, ‘उठला, घेऊन जा’ म्हणतात. पण या औषधाचा अंमल तासन्‌तास टिकतो. बाहेरची गडबड थांबली, गाडी हलायला लागली की मूल पुन्हा गाढ झोपतं. लहान मुलाचं डोकं शरीराच्या मानाने जड, जीभ मोठी. हनुवटी छातीला टेकली की श्वासाची वाट मुडपते. परदेशात अशा घटना मोटारीतल्या बाळखुर्चीत घडल्या. आपल्याकडे मूल दुचाकीवर आईबापांच्या मधोमध चेंगरून बसलेलं असतं आणि त्याचा चेहरा कुणालाच दिसत नसतो.

अमेरिकेत बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने मुलांच्या गुंगीबद्दल पहिली मार्गदर्शक तत्त्वं १९८५ साली काढली, ती दातांच्या दवाखान्यात झालेल्या मृत्यूंमुळे. २००० साली चार्ल्स कोटे आणि सहकाऱ्यांनी अशा दुर्घटनांची चिकित्सा करून निष्कर्ष मांडले. अपघात एखाद्याच औषधाचे नव्हते, सगळ्या प्रकारच्या औषधांनी झाले होते. चुकीचा डोस, एकावर एक दिलेली औषधं, घरीच पाजून आणलेलं औषध, लक्ष ठेवायला माणूस नसणं, आणि श्वास थांबल्यावर काय करायचं ते न येणं, ही खरी कारणं. रुग्णालयाबाहेरच्या दवाखान्यांत निकाल जास्त वाईट होते. आज बालरोगतज्ज्ञांच्या त्या संघटनेचा नियम सांगतो की दातांच्या दवाखान्यात खोल गुंगी द्यायची तर दात बघणाऱ्याखेरीज गुंगी देण्याचं प्रशिक्षण घेतलेला दुसरा माणूस हवा. एकाच माणसाने दातही कोरायचा आणि श्वासही बघायचा, हे चालणार नाही.

दातांच्या डॉक्टरांबद्दल एक गोष्ट त्यांच्या बाजूने सांगायला हवी. मुलाच्या वर्तनाचा पद्धतशीर विचार वैद्यकातल्या इतर शाखांआधी त्यांनी केला. ‘सांगा, दाखवा, मग करा’ ही त्यांची पद्धत १९५९ पासूनची. फिरणारा ब्रश आधी मुलाच्या नखावर फिरवून दाखवतात, मग दाताला लावतात. पण याच शाखेत ओरडणाऱ्या मुलाच्या तोंडावर हात दाबून धरणं हेही बरीच वर्षं मान्य तंत्र होतं. अमेरिकेतल्या बालदंतवैद्यांच्या संघटनेने ते आपल्या यादीतून काढलं २००६ साली. फार जुनी गोष्ट नाही.

झोपेचं औषध टाळण्याचे मार्ग अवघड नाहीत, फक्त ते औषध द्यायच्या आधी सुरू करावे लागतात. ईईजीसाठी मुलाला आदल्या रात्री उशिरा झोपवून पहाटे उठवायचं आणि वेळ त्याच्या नेहमीच्या झोपेची मागायची. काही महिन्यांच्या बाळाला पोटभर पाजून दुपट्यात घट्ट गुंडाळलं तर कित्येकदा एमआरआयसुद्धा औषधाविना होतो. परदेशात हे तंत्र म्हणून शिकवतात, आपल्या बाळंतिणींना ते शिकवावं लागत नाही. औषध द्यावंच लागलं तर पालकांनी चार गोष्टी विचाराव्यात. वजन आज केलं का? औषध इथेच, तुमच्यासमोर देणार ना? बोटाला ऑक्सिमीटर लावून बघत कोण बसणार? आणि घरी कधी सोडणार? डोळे उघडले एवढ्यावर सोडू नये. मूल आपणहून जागं राहतंय, आधी बसत असेल तसं बसतंय, हे दिसायला हवं. परतताना एका मोठ्या माणसाने फक्त मुलाचा चेहरा बघत बसावं. प्रवासात झोपावं म्हणून सर्दीचं औषध पाजणं हाही याच जातीचा प्रकार. अशा औषधांतलं प्रोमेथाझिन दोन वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असा कडक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ सालीच दिला आहे.

लसीचं थोडक्यात सांगता येईल, कारण तिथे काय करावं याबद्दल वाद उरलेला नाही. नवजात बाळांना वेदना होत नाहीत, निदान लक्षात राहत नाहीत, असं १९८० च्या दशकापर्यंत जगभरचे डॉक्टर मानत, आणि पुरेशी भूल न देता त्यांच्यावर शस्त्रक्रिया होत. हे खोडून काढण्यात मोठा वाटा इंदूरच्या मेडिकल कॉलेजात शिकून ऑक्सफर्डला गेलेल्या कंवलजीत आनंद यांचा. १९८७ साली त्यांच्या संशोधनाने हा समज हादरला. दहा वर्षांनी कॅनडात अ‍ॅना टॅडिओ यांनी दाखवलं की जन्मानंतर भूल न देता सुंता झालेली बाळं चार-सहा महिन्यांनी लस घेताना इतरांहून जास्त कळवळतात. शरीर विसरत नव्हतं.

२०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने लसीच्या वेळचं दुखणं कमी करण्याविषयी भूमिका जाहीर केली. तान्ह्याला अंगावर पाजत असतानाच किंवा नुकतंच पाजल्यावर टोचावं. मांडीवर, उभट धरावं, टेबलावर आडवं दाबू नये. सुई आत गेल्यावर दट्ट्या मागे ओढून बघू नये; त्याची गरज नसते, दुखतं मात्र जास्त. जी लस जास्त झोंबते ती शेवटी द्यावी. तोंडाने द्यायची रोटाची लस असेल तर ती आधी; ती गोड असते. यातल्या कशालाही पैसा लागत नाही. मध चाटवायचा मोह मात्र टाळावा, वर्षाच्या आतल्या बाळाला मध धोक्याचा. आणि ‘काही नाही, मुंगी चावेल’ हे म्हणू नये. ते खोटं असतं, दुसऱ्या वेळी मुलाला माहीत असतं, आणि ‘काही नाही, काही नाही’ असा सतत दिलेला धीर मुलाची धास्ती वाढवतो असं वारंवार दिसून आलं आहे. त्यापेक्षा लक्ष वळवलेलं बरं. मोबाइलवरचं गाणं चालेल का? चालेल. एरवी मोबाइलविरुद्ध बोलणाऱ्यांत मी आहे, पण त्या दोन मिनिटांपुरतं तत्त्व खिशात ठेवावं. भिंतीवर रंगवलेल्या मिकी माउसवर माझा तेवढा विश्वास नाही. खाली चार जण दाबून धरून बसले असतील तर तो हसून काय करणार?

स्वमग्न मुलाच्या बाबतीत हे सगळं दहापट तीव्र होतं. ट्यूबलाइटची गुणगुण, स्पिरिटचा वास, एकाच बाकावरची अनोळखी माणसं, अचानक पुकारलेलं नाव. अशी मुलं दवाखान्यात कोसळतात आणि मग आईबाप यायचंच टाळतात. दात किडतात, लसी राहतात, फिटच्या औषधाची रक्तचाचणी राहते. त्यातच बोलू न शकणाऱ्या मुलाचं कानदुखीने डोकं आपटणं ‘त्याच्या आजारातलंच’ म्हणून सोडून दिलं जातं. इथे असुरक्षितता दवाखान्यात न पोचण्यातून येते. उपाय पुन्हा साधे आहेत: दिवसाचा पहिला नंबर, आदल्या आठवड्यात नुसती जागा बघून जाण्याची भेट, वजनकाटा-खुर्ची-डॉक्टर असे क्रमाने लावलेले फोटो, आवडती वस्तू हातात, आणि आईला विचारलेला एक प्रश्न: ‘याला कशाने त्रास होतो?’

राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरहून झाली. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आणि जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्र, असा त्याचा आराखडा. या केंद्राच्या मंजूर पदांत मानसशास्त्रज्ञ आहे, विशेष शिक्षक आहे, वाचा-उपचारतज्ज्ञ आहे. म्हणजे मुलाला तयार कसं करायचं हे जाणणारी माणसं जिल्हा रुग्णालयाच्या आवारात असायला हवीत, निदान कागदावर. पण त्यांची वेळ ‘थेरपी’ची; रक्त काढण्याची खोली, दंतविभाग, ईईजीची खोली या त्यांच्या कामाच्या जागा समजल्या जात नाहीत. रक्त काढण्याआधी दहा मिनिटं विशेष शिक्षक तिथे आला तर नवं पद भरावं लागणार नाही, ड्यूटीच्या तक्त्यात एक ओळ वाढेल.

डॉक्टरांची बाजूही ऐकायला हवी. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ६७ देशांच्या आढाव्यात भारतात एका रुग्णाच्या वाट्याला येणारा वेळ सुमारे दोन मिनिटांचा निघाला. दोन मिनिटांत खेळ कधी मांडायचा? पण रडणाऱ्या मुलामागे जाणारा वेळ कुणी मोजत नाही: न सापडणारी शीर, पुन्हा टोचणं, बिघडलेला ईईजी, पुढची तारीख. शिवाय पुष्कळसं काम दोन मिनिटांच्या आत बसतं. श्वास आणि हृदय आधी, आईच्या मांडीवर, मूल शांत असतानाच. घसा आणि कान शेवटी. एवढा क्रम पाळला तरी सुरुवातीचं श्वास मोजण्याचं मिनिट वाचतं.

कधी धरावंच लागतं. मेंदूज्वराची शंका असेल, मूल निपचित पडत चाललं असेल, तर समजावत बसायला वेळ नसतो. तेव्हा धरावं, नीट आणि थोडा वेळ धरावं. पण दातातली कीड, नेहमीची रक्तचाचणी, शाळेसाठीचा दाखला यांत तातडी नसते. तिथे थांबता येतं, दुसरी तारीख देता येते. दोनदा प्रयत्न फसला की तिसऱ्यांदा टोचण्याआधी हात बदलायचा किंवा थांबायचं, हे आधीच ठरलेलं असावं आणि ते ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार सिस्टरलाही असावा. धरून उपचार केले तर का धरलं, किती वेळ, पालकांना विचारलं होतं का, हे केसपेपरवर लिहावं. औषधाचा डोस लिहितो तिथेच, त्याच पेनाने.